रानातली माझी येळवस

लातूरच्या स्टँडवर अण्णांनी बॅग गाडीत चढवली नि म्हणाले, "कॅनडाला जातीस तर जा. पण तिथली माती परक्याची, ध्यानात ठेव." माय पदर तोंडाला लावून उभी होती. मी खिडकीतून हात हलवला, पण आतून नुसती धुमसत होते.

परक्याची म्हणे! आमच्या गावची, देवणीतली तरी कुठं माझी होती? येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमचं अख्खं गाव शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, मडक्यात अंबील. पूजा झाली की अण्णा नि दादा अंबील शिंपडत पिकाभोवती फेर घालायचे, "ओलगे ओलगे सालम पोलगे!" मी मागं धावले की अण्णा दटावायचे, "बाईमाणसानं फेर घालायचा न्हाई."

इथं कॅनडात मार्गशीर्षात शेत काय, रस्तासुद्धा बर्फाखाली. दरवर्षी येळवस फोनवर बघायची नि रडायचं. खरं सांगते, माझी श्रद्धाच उडाली होती. ज्या देवाचं काळ्या रानाशिवाय भागत नाही, तो इथं कशाला येईल?

यंदा ऑक्टोबरात रुखसानानं मला ओढत जंगलात नेलं. ती नांदेडकडच्या हिमायतनगरची, इथं माझ्याच मजल्यावर राहते. झाडं पिवळीधमक, लालभडक. ती हरखून फोटो काढत होती, मला मात्र सगळं मरायला टेकल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात पाय घसरला नि हात कोपरापर्यंत पाचोळ्यात गेला. आत ऊब! पाचोळा सारला तर खाली काळीभोर माती, आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यासारखी, आणि तिच्यात इवलासा कोंब. थंडी तोंडावर आलेली असताना! बाई गं, अंगावर काटाच आला. मी तिथंच बसून हात जोडले.

"काय करून राहिली बाई?" रुखसाना घाबरली.

"रविवारी इथं येळवस करायची."

"अमावस तरी हाय का?"

"नसू दे."

ज्वारीच्या पिठाची अंबील थर्मासमध्ये भरली. चुना नव्हता, दगडांना पीठ फासलं. कोप वाळक्या फांद्यांची. आणि मुद्दाम अण्णांना व्हिडिओ कॉल लावून फोन रुखसानाच्या हाती दिला.

अण्णा भडकलेच. "अमावस्या न्हाई, रान आपलं न्हाई, अन फेर बाईनं घालायचा? ही कसली येळवस?"

"माझी!" मी म्हणाले नि चालू लागले. झाकणात अंबील, हातात पानांची डहाळी. "ओलगे ओलगे..." तोच कुत्रं फिरवणारी एक म्हातारी थबकून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय जागीच थांबले.

फोनमधून अण्णा ओरडले, "थांबतीस कशाला? फेर अर्धा सोडत न्हाईत!"

मग काय! कोपीभोवतीच्या सगळ्या झाडांना वळसा घालून, घसा बसेपर्यंत ओरडत फेर पुरा केला. रुखसाना हसत-रडत मागं.

गावात राहिलेल्यांनो, 'घर सोडून गेली' असं मला पुन्हा म्हणू नका. आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, फोनपुढं बसून झुरणं बस झालं आता. हे रान माझं, आणि देवणीतलंही माझंच. अण्णा, येत्या मार्गशीर्षात मी येतेय. तुम्ही कोप बांधून ठेवा, फेर मी घालणार.