मयताच्या दाखल्याची खिडकी

लग्नाच्या पंगतीत माझी ओळख करून द्यायची वेळ आली की आमच्या नातेवाइकांची पंचाईत होते. "ह्या नगरपालिकेत असतात, जन्म-मृत्यूला," असं कोणी म्हणालं की समोरची बाई आधी "अगं बाई!" म्हणते आणि खुर्ची जरा लांब सरकवते. मग जेवण झाल्यावर तीच बाई आइस्क्रीमची वाटी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसते. "ताई, तुमच्याकडे काय काय येत असेल ना हो!"

येतं. रोज येतं! बाकीच्या खात्यांत फायली साचतात, आमच्याकडे किस्से साचतात. आणि जन्माच्या दाखल्याला आलेली माणसं नुसते पेढे देऊन जातात. गोष्टी सगळ्या मयताच्या दाखल्याच्या रांगेतल्या.

आमचं गाव जळगाव आणि धुळ्याच्या मधलं. नाव सांगत नाही, उगाच उद्या कोणी खिडकीवर भांडायला यायचं. खिडकीच्या आत मी, बाहेर बाकाजवळ आमचे नाना. नाना शिपाई, दोंडाईच्याकडचे, आवाज एकदम मऊ. माझं माहेर असोद्याचं. केळीच्या बागेत या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळे मी "बोला" म्हटलं तरी माणूस दचकतो. म्हणून लोक आधी नानांना भेटतात आणि मग माझ्याकडून ओरडा खातात. पण एक सांगते, माझ्या खिडकीवरून कोणाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा माझा हट्ट आहे. ओरडा आणि दाखला, दोन्ही मिळतं!

*

सगळ्यात जास्त भांडण कशावरून होतं माहितीये? मरण जिथं झालं तिथंच दाखला मिळतो, यावरून. माणूस कुठं राहायचा याच्याशी काही संबंध नाही.

एक भाऊ आले होते. वडील जळगावच्या दवाखान्यात गेले. मी सांगितलं, "भाऊ, नोंद जळगावला. दाखला तिथून घ्या."

"असं कसं? राहायचे इथं, मतदान इथं, सरण इथं रचलं!"

"हो, पण वारले तिथं ना?"

भाऊंनी खिडकीत डोकं घातलं. "मॅडम, दवाखान्यात फक्त जीव गेला. बाकी सगळा माणूस आमच्याकडेच होता!"

रांगेतली मागची माणसं माना डोलवायला लागली. त्यांना ते पटलं होतं! मी त्यांना जळगावच्या अर्जात काय काय लिहायचं ते सगळं एका कागदावर लिहून दिलं. तो कागद वाचून म्हणाले, "यावर तुमचा शिक्का मारा ना. एवढं लिहिलंच आहे, तर हाच दाखला धरू."

*

दुसरे एक काका. चुलतभावाच्या दाखल्याची प्रत हवी होती. अर्ज छान भरलेला. मयताचं पूर्ण नाव, तारीख, ठिकाण, सगळं जागच्या जागी. 'मयताशी नाते' ही एकच जागा कोरी.

"काका, नातं लिहिलं नाही."

"तेच विचारायचं होतं," काका पुढे वाकून हळूच म्हणाले. "चुलतभाऊ होता, पण बांधावरून बोलचाल बंद होती. सरकारी कागदावर खोटं नको."

"अहो, नुसतं चुलतभाऊ लिहा!"

"नुसतं कसं लिहू? उद्या त्याची बायको म्हणेल, मेल्यावर नातं जोडायला आला!"

शेवटी त्यांनी अक्षर अगदी बारीक करून त्या जागेत 'चुलतभाऊ (बोलचाल नाही)' असं लिहिलं, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. माझ्या साहेबांनीही सही केली. म्हणाले, "असू द्या. इतका खरा अर्ज पहिल्यांदाच बघतोय."

*

सुमन पहिल्यांदा आली तेव्हा मला ती नेहमीच्या गिऱ्हाइकांसारखीच वाटली. तिशीची पोर, हातात प्लॅस्टिकची फाइल. नवरा संजय सरकारी शाळेत शिपाई होता. हायवेवर गाडीनं उडवलं, आमच्याच गावातल्या दवाखान्यात गेला. राहायला इथून जवळच्याच खेड्यात. घरात ती, शाळेत जाणारी मुलगी आणि सासू. सासूला सगळे अक्काच म्हणायचे.

"ताई, त्यांच्या जागेवर मला नोकरी मिळू शकते," सुमन म्हणाली. "अर्जाला दाखल्याची प्रत लागते, सही-शिक्क्याची. झेरॉक्स चालत नाही म्हणे."

"नाहीच चालत. आणि एक नेऊ नकोस, चार ने. बँक मागेल, विमा मागेल, गॅसवाला मागेल. प्रत्येकाला ओरिजिनलच लागते. आणखी काय लागतं?"

"सासूचं ना-हरकत पत्र. ते घरी आहे, फक्त अंगठा राहिलाय." ती जरा थांबली. "मुदत फार नाही उरली, ताई. ही नोकरी गेली तर मला पोरीला घेऊन माहेरी जावं लागेल. अक्का इथं एकट्या राहतील."

मी प्रती हातात दिल्या. पोर माझ्या खिडकीला नमस्कार करून गेली! देवळाला करतात तसा.

*

मधेच आमचं एक ट्रेनिंग झालं. विषय 'नागरिकांशी सौजन्य'. सूटबूटवाले एक सर आले होते. त्यांनी शिकवलं, काम झालं की हसायचं आणि म्हणायचं, "धन्यवाद, पुन्हा या!"

माझ्या ओरडण्यावर साहेबांचा आधीपासूनच डोळा होता. म्हटलं चला, आपण सौजन्य दाखवून देऊ. दुसऱ्याच दिवशी आईच्या दाखल्यासाठी एक गृहस्थ आले. दाखला दिला, तोंडभर हसले आणि म्हटलं, "धन्यवाद, पुन्हा या!"

त्या माणसाने दाखल्याची घडी घालता घालता माझ्याकडे बघितलं. "मॅडम, घरी अजून वडील आहेत. जरा जपून बोला!"

नाना बाकावर तोंडाला रुमाल लावून बसले होते. तेव्हापासून माझं सौजन्य बंद आहे, आणि कोणाची तक्रार नाही.

*

सुमन परत आली. मान खाली.

"ताई, अजून प्रती पाहिजेत. फाटल्या."

"चारही?"

"हो."

मी अर्ज घेतला, प्रती दिल्या, वर सुनावलं, "कागद आहेत बाई, वांग्याची सालं नाहीत! नीट ठेव."

थोड्याच दिवसांत पुन्हा हजर. पुन्हा फाटल्या! या वेळी मात्र माझं डोकं फिरलं. मी कपाटाकडे जाता जाता थांबले आणि परत खिडकीशी आले. "सुमन, खरं सांग. कोण फाडतंय?"

पोर रडायलाच लागली. "अक्का फाडतात. पहिल्यांदा दारातच हातातून घेतल्या. दुसऱ्यांदा मी पिठाच्या डब्याखाली लपवल्या होत्या, तिथून शोधून काढल्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे सासूला तुझी नोकरी नकोय! अंगठाही देणार नाही ती. थांब, मी येते तुझ्या घरी. असोद्याची आहे म्हणावं मी!"

"नाही हो ताई! नोकरीला त्या 'कर' म्हणतात. पण अंगठ्याचा कागद पुढे केला की विचारतात, यात काय लिहिलंय? मी वाचते, 'माझा मयत मुलगा.' की उठून जातात. म्हणतात, मन्हा संजू ड्युटीवर शे."

त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हाही अक्का भिंतीकडे तोंड करून बसून होत्या, उठल्याच नाहीत, असं सुमनने सांगितलं.

नाना इतका वेळ बाकावरून ऐकत होते. ते उठून खिडकीशी आले. "पोरी, फाडं, मंग तिनी आंघोय करी का?"

"अंघोळ? नाही. फाडतात, तुकडे गटारात टाकतात आणि तशाच घरात येऊन भाकरी थापायला बसतात."

नाना माझ्याकडे वळले आणि साहेबांशी बोलायची त्यांची शुद्ध मराठी काढली. "ताई, पूर्वी मयताचं कार्ड यायचं पोस्टाने. ते घरात नेत नव्हते. उंबऱ्याबाहेर कोणीतरी मोठ्याने वाचायचं, सगळ्यांनी ऐकायचं, तिथंच फाडायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मग घरात. ही बाई रीतीनं फाडते. पण वाचून घेत नाही आणि पाणी घेत नाही. म्हणजे तिनं खबर घेतलेलीच नाही अजून."

मी प्रती काढल्या, सही-शिक्का करून आणल्या आणि सुमनला म्हटलं, "या माझ्या ड्रॉवरमध्ये राहतील. तुझ्या घरी कागदाचा कपटाही न्यायचा नाही. अक्काला एकदा इथं आण. कशी आणायची ते तू बघ, पण आण. मी तुझी नोकरी जाऊ देणार नाही!"

म्हणाले खरी, पण कशाच्या जोरावर म्हणाले ते माझं मलाच माहीत नव्हतं.

*

त्याच दिवसांत वरणगावचे एक रिटायर गृहस्थ गाजत होते. फॅक्टरीत जन्म काढलेला, सगळं काम टापटीप. त्यांचे वडील आमच्या गावात मुलीकडे राहायचे, तिथंच वारले. ह्यांनी दाखला नेला आणि घरी पोचायच्या आत लॅमिनेशन करून टाकलं! बँकेने परत पाठवलं. मूळ प्रतीवर 'पाहिली' असा शिक्का मारायचा असतो, तो प्लॅस्टिकवर उमटेना.

मी नवीन प्रत दिली. वर बजावलं, "काका, याला प्लॅस्टिक लावायचं नाही."

आठवड्याने काका हजर. दाखला पुन्हा चकचकीत!

"काका!!"

"ऐकून तर घ्या. पिशवीत पाण्याची बाटली होती. तुमचा कागद भिजला असता तर?" काकांनी अभिमानाने दाखला उलटा करून दाखवला. "पण या वेळी लॅमिनेशनवाल्याला नीट सांगितलंय. शिक्क्यापुरती खिडकी ठेवलीय!"

खरंच कापून चौकोन ठेवला होता. आणि सांगायचं म्हणजे बँकेने घेतला तो!

*

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी नाना आत आले. "ताई, त्या आल्या."

मी बाहेर बघितलं. सुमन ना-हरकत पत्राची फाइल छातीशी धरून पायरीवर उभी, आणि खाली अंगणात अक्का. डोक्यावर पदर, बारीक चण, पण उभी अशी की चार माणसांनी ओढली तरी हलायची नाही. नानांनी खुर्ची नेली, बसली नाही. पाणी नेलं, घेतलं नाही. आत या म्हटलं तर मान हलवली. "कागद ताईंकडेच आहेत म्हटलं, तर स्वतःच निघाल्या," सुमन हळूच म्हणाली.

मी माझी सगळी भाषणं तयार ठेवली होती. सुनेचं बघा, नातीचं बघा, मुदत उद्या संपतेय! ड्रॉवरमधून प्रती घेतल्या आणि तावातावाने पायरी उतरले.

मी तोंड उघडायच्या आत अक्काने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "वाच."

"काय वाचू?"

"जे लिखेल शे ते. जोरमा वाच."

मी वाचायला लागले. मयताचं नाव संजय. वडिलांचं नाव. आईचं नाव, तिचंच. मृत्यूची तारीख. मृत्यूचं ठिकाण. या कागदावरची ही अक्षरं मी डोळे मिटून वाचू शकते, आणि त्या दिवशी दुसऱ्याच ओळीला अडखळले. केळीच्या बागेत घुमणारा आवाज माझा, पण पुढचं ऐकू जाईना. अक्का म्हणाली, "जोरमा." मी डोळे पुसले आणि शेवटपर्यंत वाचलं. नोंदणी क्रमांकासकट.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बठ्ठा कागद सुमनले दे. एक माले दे, फाडाले."

मी साहेबांना विचारलं नाही, रजिस्टरला बघितलं नाही. वरची प्रत काढून तिच्या हातात दिली, बाकी सगळ्या सुमनला. तिने ती आधी उभी फाडली, मग आडवी, मग शिक्का होता तिथून. तुकडे नानांनी पुढे केलेल्या टोपलीत टाकले. मग अंगणातल्या नळाशी गेली, तोटी सोडली आणि नळाखाली डोकं धरून बसली. लुगडं भिजलं, पदर भिजला. सुमन पुढे धावली तर नानांनी हाताने तिला थांबवलं.

पुष्कळ वेळाने अक्का उठली. ओली गच्च, तशीच पायरी चढून माझ्या ऑफिसात आली, सुमनच्या फाइलकडे बघितलं आणि उजवा हात पदराला पुसून पुढे केला.

"आते सांग. अंगठा कोठे लावू?"