डब्यात घातलेला आप्पांचा आवाज

बेळगावला निघालो त्या दिवशी मी चुकीच्या बसमधी बसलो.

कोगनोळीच्या हायवेवर सगळं घर उभं. आई रडालती, आत्ती रडालती, शेजारची म्हातारी तर माझं नाव बी धड ठावं नसताना रडालती. वळकटी, कापडाचं बोचकं आन् भडंगाची पिशवी घेऊन मी बी रडालतो. डोळ्यात पाणी, म्होरचं काय दिसंना. रस्त्याच्या पल्याड बस थांबली, पळत गेलो, चढलो. कंडक्टरनं तिकीट विचारलं तवा कळलं, ही कोल्हापूरला चाललीया. कागलला उतरलो, परत उलट्या बसनं कोगनोळीला आलो. तासभर तरी गेला आसंल. सगळी रडून घरला गेल्याली. रस्त्याकडंच्या दगडावर एकटं आप्पा बसल्यालं, खोकत. निपाणीच्या तंबाखू वखारीत सारा जल्म गेला त्यांचा, त्यो खोकला वखारीनंच दिल्याला.

"आलास?" म्हणालं. "लवकर आलास."

"तुमी अजून हितंच?"

"तू रस्ता ओलांडून पळालास तवाच कळलं. म्हटलं, येतोय आता."

मग स्वता उठून हात दावून बेळगावची बस थांबवली. मी चढताना म्हणालं, "जपून ऱ्हा. कामावर लोकांस्नी लई हसवू नगोस. हसवतोय त्याला काम येत न्हाय असं वाटतंय लोकांस्नी."

त्याला चोवीस वर्सं झाली. गावच्या ग्रुपवर टाकालोय हे, जी गावात हाईत त्यांच्यासाठी आन् जी माझ्यासारखी भाईर पडली त्यांच्यासाठी बी. दुबईवाला म्हादू हसंल. हस बाबा. मी बेळगावला गेलतो, नव्वद किलोमीटर बी न्हाय. पण म्हादू दुबईतनं वर्साला एकदा यायचा आन् मी बेळगावातनं दोनदा. मग कोण लांब गेलतं, सांगा.

फौंड्रीत लागलो. वाळूचे साचे करायचं काम. सुपरवायझर "बेगा बेगा" करून वरडायचा, म्हंजे लौकर लौकर. पयल्या महिन्यात मला वाटलं त्याचं नावच बेगा हाय, आन् मी त्याला "बेगासाहेब" म्हणून नमस्कार घातला. आप्पांचं ऐकायला पायजे होतं; तवापासनं माझ्या कामाकडं कुणी नीट बघितलंच न्हाय. शिफ्ट, ओव्हरटाईम, खोलीभाडं, मग शोभासंगं लगीन, मग दोन खोल्या. गावाकडं फोन केला की आई सांगायची, "आप्पा भजनाला गेल्यात." मी गेल्यावर आप्पा गावच्या भजनी मंडळात जायला लागलेलं. मला लई भारी वाटायचं. फौंड्रीत सांगायचो, आमचं आप्पा गात्यात.

दोन वर्सांमागं आप्पा गेलं. आई एकटी. ह्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. दूध घालायला येणाऱ्या बाईनं हाक मारली तवा कुणाला तरी कळलं. तवर आई तशीच पडून, वल्ल्या फरशीवर. कंबर मोडली न्हाय, देवाची किरपा. पण त्या दिवसापासनं मला वाळूच्या साच्यात बी न्हाणीच दिसायला लागली. फोन वाजला की भ्या. न्हाय वाजला तर त्यापेक्षा मोठं भ्या. शोभा म्हणाली, "अवो, असं किती दिवस करतासा? तुमच्या आईस्नी हिकडं आणा."

आणलं. आई आली, पण तिची कापडाची पिशवी दाराजवळच ठेवली. खिळा दावला, कपाट दावलं. न्हाय. पिशवी दाराजवळ, आई पिशवीजवळ. मी कामावरनं आलो की पयला बघायचो, पिशवी हाय काय. मग आई.

"करमंना गं मला," शोभाला म्हणायची. "हितं कोण येतंय, कोण जातंय, काय कळत न्हाय. जिन्यात पाय वाजत्यात, पण कुणाचं त्ये समजत न्हाय."

टीव्ही लावून दिला तर बघायची आन् म्हणायची, "माणसं लई हाईत ह्यात. वळखीचं कोण न्हाय." कोगनोळीत तिला टीव्हीची गरजच न्हवती. आप्पा गल्लीच्या वळणावर खोकलं की ती चुलीवर चहाचं भांडं ठेवायची. आप्पा दारात यायला आन् चहा उतू जायला एकच गाठ पडायची. लहानपणी मला वाटायचं खोकल्यानंच चहा उकळतोय.

एक दिवस तिनं सांगून टाकलं. "दसऱ्याला सकाळीच मी गावाला जातो, सोनं तिथंच वाटणार."

ती जाणार म्हंजे परत ती न्हाणी, परत ती फरशी. समजावून बघितलं, हसवून बघितलं. माझ्या जोकवर हसायची तिला सवय न्हाय, ती मला जल्मापासनं वळखतीया.

मग माझ्या डोक्यात आलं. आप्पांच्या ट्रंकेत मला एक कॅसेट घावलेली. वर बॉलपेननं लिहिलेलं, 'भजन'. आप्पांचा आवाज! त्यो टीव्हीत घातला तर? आई टीव्हीम्होरं बसंल, आप्पा गातील, आई ऱ्हाईल. मी ह्या इचारावर इतका खूष झालो की त्या दिवशी दोन साचे मोडले.

कॅसेट घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं मशिनीत घातली, टाळ वाजला, गाणं चालू झालं. काय आवाज! मी तिथं काऊंटरवर डोकं ठेवून रडलो. दुकानदारानं पाणी दिलं, खुर्ची दिली. पेन ड्राईव्हमधी सगळं भरून झालं आन् कॅसेट काढताना फीत अडकली, कुरकुर करून तुटली. जुनी हुती, त्याचा काय दोष न्हाय. म्हंजे आता आप्पा फकस्त त्या नखाएवढ्या पेन ड्राईव्हमधी.

फौंड्रीच्या हापिसात सविता मॅडम हाईत, कॉम्प्युटरचं बघत्यात. त्यांच्याकडं एक जुना बारका कॉम्प्युटर पडल्याला, टिफिनच्या डब्याएवढा. साहेबांना इचारून त्यांनी त्यो मला दिला. म्हणाल्या, "भरमाण्णा, ह्याला टीव्हीला जोडायचं. ह्यात गाणी, फोटो, सिनेमा, सगळं ऱ्हातंय. टीव्हीवर नावं दिसत्यात, दाबलं की चालू."

मी चवथीत दोनदा बसल्याला माणूस. मॅडमनी कागदावर चित्रं काढून दिली: ही वायर हितं, मॅडमनी दिल्याला सॉफ्टवेअरचा पेन ड्राईव्ह तिथं, मग चालू कर, मग हे बटण. शेवटी एक वाक्य लिहिलेलं, त्याच्याखाली दोन रेघा मारल्याल्या. आप्पांचं गाणं दोन जागी ठेवा. "कळलं न्हवं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "व्हय व्हय."

घरी आणून जोडला. टीव्ही म्हणतोय 'नो सिग्नल'. तासभर वायरी काढ-घाल केल्यावर शोभानं दावलं, डब्याचं बटणच दाबलं न्हाय. दाबलं. चालू झालं. त्यानं भाषा इचारली. मी घाईत कुठली दाबली देवाला ठावं. सगळा टीव्ही मुंग्या चालल्यासारख्या अक्षरांनी भरला. मॅडम सुट्टीवर. तीन दिवस मी मोजून काम केलं: वरनं चौथं दाबलं की गाणी, उजवीकडनं दुसरं दाबलं की मागं. आई बघालती. "ह्ये कानडी बी न्हाय की रं," म्हणाली. मॅडम आल्यावर त्यांनी मराठी करून दिली.

आप्पांचं भजन त्या डब्यात घातलं. आईला सांगितलं न्हाय. दसऱ्याच्या सकाळी, पिशवी उचलायच्या आदी, एकदम लावायचं, असं ठरवलेलं. आन् मग मी जे केलं ते फकस्त मीच करू जाणे. खंडेनवमीला फौंड्रीत स्पीकर लावायचा हुता, गाणी भरायला पेन ड्राईव्ह पायजे म्हणाले. मी माझा दिला. पुसून दिला. म्हटलं, आप्पा डब्यात हाईतच की.

खंडेनवमीला घरात बी पूजा मांडली. विळा, कोयता, शोभाचा मिक्सर, माझी गाडी, सगळ्यांना हळदीकुंकू. आईनं डब्याला बी वरनं एक बारीक बोट लावलं. मी म्हटलं, "असं न्हाय आई. ह्याचा मान मोठा." आन् मी वलं कुंकू घसघशीत लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आन् मूठभर अक्षता वरनं टाकल्या. डब्याच्या वर हवेसाठी जाळी हाय. मला वाटलं डिझाईन.

तिसऱ्या पारी शोभा म्हणाली, "एकदा लावून बघा की, उद्याला." लावलं. डबा घर्र झाला आन् बंद. परत लावलं. घर्र, बंद. टीव्हीवर 'नो सिग्नल'.

मी खालीच बसलो. फीत तुटल्याली. पेन ड्राईव्ह पुसल्याला. आन् डबा बंद. आप्पा एकदा कोगनोळीत गेलं ते गेलं, आता बेळगावात मीच त्यांना दुसऱ्यांदा घालवलं, ते बी हळदीकुंकू लावून. शोभानं डब्याची वायर काढून गुंडाळून ठेवली. आई दाराजवळ बसून पिशवीत लुगडी घड्या करून ठेवालती. "उद्या दहाची बस हाय न्हवं निपाणीला?" तिनं इचारलं. मी म्हटलं, "बघतो."

दसऱ्याला फौंड्री बंद. सकाळी उठून मी डबा टॉवेलात गुंडाळला, खिशात आपट्याची पानं घेतली आन् मॅडमच्या घरी गेलो. दारात पानं दिली, पाया पडलो. मॅडमना वाटलं सोनं द्यायला आलोय. मग टॉवेल सोडला.

"एन्री इदू?" म्हणाल्या. हे काय हो, म्हंजे. झाकण काढलं. आतमधी बारका पंखा असतोय, मला ठावंच न्हवतं. पंख्याच्या दोन पात्यांच्या मधी एक तांदूळ उभा अडकल्याला. भोवतीनं कुंकवाचा चिखल.

"पंखा फिरंना म्हणून गरम हुतोय आन् बंद पडतोय," मॅडम म्हणाल्या. "भरमाण्णा, तुमी ह्याचं लगीन लावलं काय?"

"आतलं गेलं काय हो?"

"बघू."

त्या 'बघू'त माझं अर्धं वय गेलं. चिमट्यानं तांदूळ काढला, ब्रशनं कुंकू पुसलं, त्यांच्या टीव्हीला जोडलं. घर्र झालं. थांबलं न्हाय. नावं दिसली. आप्पांचं भजन हुतं. मॅडमनी मला काय इचारलं न्हाय, आदी आपल्या कॉम्प्युटरात त्याची एक कॉपी काढून ठेवली. मी परत पाया पडलो.

घरी आलो तवा आई पिशवी मांडीवर घेऊन बसल्याली. "दहा वाजालेत," म्हणाली.

"आई, पाच मिनिटं. फकस्त पाच." वायर दोनदा चुकली. लागलं. टाळ वाजला, गाणं चालू झालं. मी आईच्या तोंडाकडं बघालतो. आईनं कान दिला. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्ये भजनी मंडळातला परसू मामा गालाय की."

"आप्पा हाईत आई."

"तुझं आप्पा?" आन् आई हसली. बेळगावात आल्यापासनं पयल्यांदा, पदर तोंडाला लावून. "त्येंना गाता कुठं येत हुतं? टाळ धरायचं, ते बी चुकीचं. परसू मामा दर गुरवारी त्येंना दटावायचा."

शोभानं माझ्याकडं बघितलं. मी कुठं बघू? दुकानात काऊंटरवर डोकं ठेवून मी रडलो ते परसू मामासाठी. फौंड्रीत चोवीस वर्सं सांगितलं ते बी परसू मामाचं. माझ्या आप्पांचा आवाज मला ठावं न्हवता. फोनवर मी "कसं हायसा, बरं, ठेवतो" एवढंच बोललेलो. चुकीच्या बसमधी मी एकदाच बसलो न्हवतो, एवढं कळलं.

मी उठलो बंद करायला. आईनं हात वर केला. "थांब."

भजन संपत आल्यालं. परसू मामानं वर सूर लावला आन् त्याच्यामागं, लांबनं, कुणीतरी खोकलं. दोनदा. मग घसा साफ केला, मग टाळ चुकला.

आई हाललीच न्हाय.

"तेवढंच परत लाव," म्हणाली.

मॅडमनी शिकवलेलं मागं न्यायचं बटण मी दाबलं. खोकला आला. परत लावलं. परत. दहाची बस गेली. आईनं पिशवी मांडीवरनं खाली ठेवली. कपाटात न्हाय, दाराजवळच. "सोमवारी जातो," म्हणाली.

त्या सोमवाराला जाऊन आता बरेच सोमवार झाले. आई दर सोमवारी पुढच्या सोमवारचं सांगतीया. मला अजून भ्या वाटतंय. कामावरनं आलो की पयला दाराजवळ बघतो. डब्याला शोभानं जाळीचा रुमाल घातलाय, मला त्याच्या जवळ जाऊ देत न्हाय. आप्पांचा खोकला आता चार जागी ठेवलाय.

गावाकडच्यांनो, घर कुठं म्हणून तुमी इचारतासा. कोगनोळीतलं घर मी अजून विकल्यालं न्हाय, विकणार बी न्हाय. पण परवा काय झालं सांगतो. फौंड्रीची वाळू चोवीस वर्सं नाकात गेल्याली, जिना चढताना मला हल्ली ठसका लागतोय. शोभा म्हणतीया डॉक्टरला दावा, दावणार हाय. तर मी दुसऱ्या मजल्यावर खोकलो, टीव्ही बंद हुता, दार लावल्यालं हुतं, आन् आतनं आईचा आवाज आला.

"शोभा, चहा ठेव गं. आला बघ भरमा."