आत्याने भिजत घातलेल्या फळ्या

आतेभावाचा, सुभाषचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या ऑफिसात डबा उघडत होतो. "आई गेली," एवढंच म्हणाला. माझ्या मनात पहिला विचार आला, म्हणजे होडी वर चढायची राहिलीच... अशा वेळी काय आठवावं, एवढीही अक्कल मला नाही.

धाकट्या डहाणूला आत्याच्या घरामागे खाडीत मागचं पाणी उंच अडवून धरणारा एक जुना दगडी बांध आहे. त्याला लागून होडी मावेल एवढा हौद, दोन्ही टोकांना उघडा, तोंडाशी फळ्या सरकवायच्या खाचा. कोणी म्हणे मासे कोंडायला, कोणी म्हणे साहेबाचे घोडे धुवायला. मिठासाठीच असणार, असं मी ठणकावून सांगितलं होतं. मिठातलं मला फक्त कमी-जास्त कळतं. आत्याला मात्र तिच्या आजोबांनी सांगितलेलं, की गवत आणायला जाणारे पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, या हौदातून वरच्या पाण्यात चढत. "पण चढत कसे रे, बाळ्या?" पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या मला ती बाळ्याच म्हणे. "लोक हसतात मला. एकदा वर गेले की तिथून सगळ्यांना हात करीन."

२०१८च्या थंडीत, उधाणाच्या भरतीला आम्ही होडी हौदात घेतली. आत आत्या, आणि भार म्हणून मी. तिच्या मुलाने, सुभाषने, मागच्या खाचेत फळ्या सोडल्या आणि पुढच्या तोंडात साचून बसलेला गाळ फावड्याने फोडला. बांधामागचं पाणी खळखळत आत आलं. मी डोळे मिटून काठ धरला.

"डोळे उघड, मेल्या! तो खेकडा बघ!"

भिंतीवरचा खेकडा पाण्याला भिऊन वर पळत होता आणि आम्ही त्याला गाठत होतो. होडी चढत होती! ... मग थांबली. वरचं पाणी हातभर उंच राहिलं. जेवढं आत येई, तेवढं फळ्यांच्या फटींतून निघून जाई. खेकडा वर बसून बघत राहिला.

परतताना आत्या मात्र खुशीत. "फळ्या कोरड्या होत्या रे. उन्हातली होडीसुद्धा पहिल्या दिवशी गळते. फुगू दे त्यांना." त्याच संध्याकाळी तिने फळ्यांना दगड बांधून, दोरी खुंटीला अडकवून त्या मागच्या दारी खाडीत बुडवल्या. पुढच्या उधाणाआधीच तिला ताप आला, आणि त्यातच ती गेली.

तिच्या महिन्याच्या कार्याला गेलो, तेव्हा ती दोरी खुंटीला तशीच होती. ओढली. फळ्या शेवाळलेल्या, दुप्पट जड. कडेला कड लावून बघितली, नख शिरेना.

"झाल्या का तयार?" सुभाषने दारातून विचारलं.

मी दोरी हळूहळू पाण्यात सोडली.

"अजून थोड्या भिजू देत," म्हटलं.