पायऱ्यांखालची पाच मिनिटं

आमच्या गरम झऱ्यांच्या गावात सहलीच्या बसला थांबा एकच, देवळाच्या पायऱ्यांखाली. तिथं पाच मिनिटं मिळतात. माणसं उतरवा, माणसं घ्या, निघा. गाडी उभी करायची तर दोन किलोमीटर खाली, नदीकाठच्या तळावर. या थांब्यावर लाल झेंडी घेऊन अकरा वर्षं मी उभा होतो, म्हणून हाचिसुकाची गोष्ट मला ठाऊक.

हाचिसुका सहलीची बस चालवायचा. डोळ्यांखाली पिशव्या, दुखऱ्या कमरेला पट्टा. त्या हंगामात त्याच्या नावावर वेळ मोडल्याचे दोन शेरे होते, दोन्ही माझ्या हातचे. तिसरा पडला की त्याची बस थांब्यावर बंद, आणि त्याच्या म्हाताऱ्या प्रवाशांना नदीपासून चढ चढणं आलं.

चूक त्याची नव्हतीच. आमच्याकडे पाहुणा निघाला की पाहुणघराची मालकीण कामाच्या साऱ्या बायकांसह बसपाशी येऊन निरोपाला कमरेत वाकते. पाहुणेही उलट वाकतात. आधी सरळ कोण होणार? कोणीच नाही.

त्या दिवशी साडेचार मिनिटं झाली, गाडी भरली, आणि फुसाए आजी परत खाली उतरल्या. ऐंशीच्या बाई. मालकीणबाईंनी खिडकीतून लोणच्याचा डबा दिला होता. तो बसल्या बसल्या कसा घ्यायचा?

"आजी, चढा बघू," हाचिसुका म्हणाला.

"एवढं वाकते नि आलेच."

"एवढं म्हणजे किती, ते मला गेल्या खेपेला कळलंय."

वेळ संपत आली म्हणून मी झेंडी उचलली. त्यानं दार लावलं आणि आजींना सोडून निघाला. रस्ता एकेरी, वळशाला वीस मिनिटं. परत आला तर पाहुणीला एकटं कसं सोडायचं म्हणून अख्खं पाहुणघर तिथंच ताटकळलेलं. एवढे उपकार झाले म्हणून आजी पुन्हा वाकल्या. पाच मिनिटं गेली. दुसरा वळसा.

तिसऱ्या खेपेला गाडीतली निम्मी मंडळी पेंगत होती.

"सेइगो, लिही बाबा शेरा," तो मला म्हणाला. "हात भरून आलेत माझे."

"अजून चार मिनिटं आहेत तुझी. आत्ताच कसा लिहू?"

तो खाली उतरला आणि स्वतःच मालकीणबाईंपुढे वाकला. "बाई, तुम्हीही चढा. राहिलेलं नदीवर वाका. तिथं घड्याळ नाही."

"आणि परत कशी येऊ? पायात ह्या लाकडी चपला."

"सेइगो आणेल हाताला धरून."

"मला विचारलंस का?" मी म्हणालो. तोवर दोघी चढल्या होत्या. चार मिनिटं दहा सेकंद. वही कोरी राहिली.

पाळी संपवून मी नदीवर गेलो, तर दोघी अजून वाकतच होत्या आणि हाचिसुका स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता. मी त्याला उठवलं नाही.

आता सगळी पाहुणघरं निरोप नदीवरच देतात. मालकिणींना चढावरून परत आणायचं काम शेवटपर्यंत माझ्याच गळ्यात राहिलं. माझे गुडघे गेले ते त्यातच.