पाडव्याची हाक

माझा आवाज मोठा आहे हे आजवर अनेकांनी सांगितलंय. कुणी कौतुकानं, कुणी कानांवर हात ठेवून. त्याचं श्रेय आमच्या म्हशीला आहे, आणि ते मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

सत्तरच्या दशकात शिवाजी पेठेत आमच्या घरामागे गोठा होता. तिथं एक रेडी जन्मली आणि तिची आई गेली. मी तेव्हा सात वर्षांची. रेडीला बाटलीनं दूध पाजायचं काम माझ्याकडे आलं. मी गोठ्याच्या दारातून "ये गं बाय" अशी लांबलचक हाक मारायची आणि ती धडपडत यायची. थोरली चुलती घरातून ओरडायची, "पोरीच्या जातीला एवढा आवाज बरा न्हाय." हे ती माझ्याहून मोठ्यानं सांगायची.

रेडीची म्हैस झाली तरी मी परकरातच होते. दिवाळी पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. मग भर चौकात मालकानं लांबून हाक मारली की म्हशीनं पळत त्याच्याकडे जायचं. नाही गेली तर वर्षभर चेष्टा. हाक मारायचे ते पुरुषच. त्या वर्षी वडिलांनी तिला पहिल्यांदा चौकात नेलं. ती कुणाच्या हाकेला येते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण मला विचारावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वडिलांनी हाक मारली. म्हैस रवंथ करत राहिली. पुन्हा मारली. गर्दीतून कुणी म्हणालं, "पावणं, म्हस भाड्यानं आणलीसा काय?" हशा पिकला. वडिलांचा चेहरा उतरलेला मला बघवेना. मी आईला चिकटून बायकांत उभी होते, हाक घशात दाबून.

वडिलांनी फेटा सावरला आणि ते सगळ्यांदेखत माझ्याकडे वळले. "बघतीस काय नुसती? मार की हाक."

चुलतीनं माझा हात धरला. आईनं तो सोडवला.

मी जीव खाऊन हाक मारली. माणसं बाजूला सरली आणि कवड्या वाजवत ती थेट माझ्यापाशी आली. तिचं ओलं नाक माझ्या नव्या परकराला लागलं. अभिमानानं मला रडूच आलं.

घरी परतताना परगावच्या एका माणसानं वडिलांना थांबवलं. "जनावर झ्याक हाय. मालक कोण?"

वडिलांनी माझ्याकडे बोट केलं. "ही काय, पुढं चाललीया."