तिसगावची गुपचूप चौकशी

हे खरं तर मी कुणाला सांगणार नव्हतो. पण आमच्या हिनं गावभर करून ठेवलंय, तेव्हा आणखी तिखटमीठ लागायच्या आत माझ्याच तोंडून ऐका.

मी नगरमध्ये शाळामास्तर, आणि नाद सायकलचा. तोही लांब पल्ल्याचा. आता संसारी माणसाला दिवसभर सायकल चालवायला मोकळीक कोण देणार? म्हणून मी घरची कामंच सायकलवर घेतली. लग्नपत्रिका द्यायची असो की कर्जतच्या मेव्हण्याकडचं तूप आणायचं असो, मी निघालोच. एकदा तूप पातळ होऊन पाठीवरून ओघळलं, ते जाऊ द्या.

तर शीतलला, म्हणजे आमच्या मुलीला, तिसगावचं स्थळ आलं. मुलगा चांगला शिकलेला, पुढच्या रविवारी मंडळी बघायला येणार. त्याआधी माणसं कशी आहेत याची गुपचूप चौकशी करायची असते, हे तुम्हाला माहीतच आहे. ही म्हणाली, "कुणाला तरी पाठवा."

"कुणाला कशाला? मीच जातो सायकलवर. सायकलवाल्यावर कोण संशय घेतंय?"

काय ती अक्कल! करंजी घाट ओलांडून, घट्ट चड्डी आणि हेल्मेट अशा अवतारात मी तिसगावच्या चहाच्या टपरीवर टेकलो, तर सगळे मलाच बघायला लागले. शेजारी एक टोपीवाले आजोबा बसले होते. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच सुरुवात केली.

"कुठनं आला पाव्हणं?"

"पुण्याहून." ही पहिली थाप.

"सायकलीवर? एकलंच? बायकू सोडती व्हय अशी?"

आता बायको म्हटलं की मुलं निघणार, मुलं म्हटलं की मुलीचं लग्न निघणार. मी मूळच उपटलं. "बायको नाही. वारली."

आजोबांनी कप खाली ठेवला. "आन् पोरंबाळं?"

"नाहीत."

"म्हून फिरतुय बिचारा," ते टपरीवाल्याला म्हणाले आणि माझ्या हाताला धरून उठले. "चला घरी. एकल्या मान्साला उपाशी न्हाई जाऊ देनार."

बघा, चौकशी करायला मी गेलो आणि झाली माझीच. तरी का गेलो मी? अहो, लोक आपल्या घरात कसे वागतात, ते आतून बघायची मला भारी उत्सुकता. गेलो, आणि समोर भिंतीवर फोटो. तोच मुलगा. शीतलसाठी आलेल्या बायोडाटावरचा.

मी मुलाच्या आजोबांच्याच घरी जेवायला आलो होतो.

पण घर काय सांगू तुम्हाला. थोरली नातसून आजोबांना दटावत होती, "आबा, गोळी घेतल्याबिगर ताट न्हाई मिळायचं." आबा निमूट गोळी गिळत होते. ती सगळ्यांबरोबरच जेवायला बसली. मी मनातल्या मनात तिच्या शेजारी शीतलला बसवून मोकळा झालो. खरं सांगून टाकावं म्हणून हातातला घास खाली ठेवला, तर आजी पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्या बायकोसाठी. कसं सांगणार, की ती घरी धडधाकट आहे?

परत आल्यावर हिला म्हटलं, "घर सोन्यासारखं आहे. हातचं जाऊ द्यायचं नाही." बाकीचं पोटात ठेवलं.

रविवारी मंडळी आली. मी चष्मा लावून, मान खाली घालून कोपऱ्यात. आबांनी मला दोनदा निरखलं.

"पाव्हणं, तुमी पुन्याचं ना?"

तेवढ्यात ही पोहे घेऊन बाहेर आली. मध्यस्थ म्हणाले, "या मुलीच्या आई."

आबा हिच्याकडे बघतायत, मग माझ्याकडे बघतायत. इतकं चांगलं स्थळ, आणि बापाच्या थापेपायी पोरीच्या हातून जाणार. मी हात जोडले आणि सगळं ओकलो. पुणं, बायको, पोरंबाळं, सगळं.

मग आबा म्हणाले, "मास्तर, आमी तर तुमच्यासाठी शेवगावला एक बाई बघून ठिवली हुती." आणि असे हसले, की बशीतले पोहे सांडले.

लग्न जमलं. माझ्या शब्दावर नाही हं, हिच्या. आबा आजही तिसगावात हिची ओळख "ह्या आमच्या वारलेल्या विहीनबाई" अशी करून देतात, आणि ही हसून नमस्कार करते.

वाटोळं झालं ते माझं. परवा ऐंशी किलोमीटर मारून भुकेनं कासावीस होऊन घरी आलो आणि म्हटलं, ताट वाढ. ही टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "गेलेल्या माणसाकडं जेवण मागतात होय? शेवगावला जाऊन बघा, तिथं कुणी वाढलं तर."