आठावर अडलेली सीमा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला बहुतेकांनी सोलर सेल घेतला. मी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सीमा घेतली. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं. दोघांचा दाब जिथं सारखा होतो, तिथं क्षेत्राची हद्द. सूर्याच्या बाजूला ती किती लांब आहे, याचं मॉडेल मला संगणकावर उभं करायचं होतं.

“सीमाभागातल्या पोरीला सीमेचाच प्रोजेक्ट!” वर्गात सगळे हसले. मीही हसले.

हाच विषय का, हे मला नीट सांगता आलं नसतं. जिथं कुणी कधी उभं राहिलं नाही, तिथली गोष्ट आमच्या गुंजी गावात बसून काढता येते यावर माझा पुरता विश्वास नव्हता. तो बसावा असं मात्र फार वाटत होतं.

प्रोजेक्ट बघणाऱ्या सरांनी अट घातली होती. सेमिनारपर्यंत उत्तर जुळलं तर विषय माझा. नाहीतर मुकाट्यानं सोलर सेल.

मॉडेल चाललं, पण उत्तर आलं आठ. पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्येच्या आठपट. पुस्तकात साधारण दहापट होतं. एककं तपासली, प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून लिहिला. आठच.

सरांना विचारायला दोनदा केबिनपर्यंत गेले आणि परत आले. इंग्रजीत प्रश्न जुळवेपर्यंत धीर सुटायचा.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण निपाणीची. तिला असल्या गोष्टींचा कंटाळा. ती म्हणाली, “अगं, धा लिही की सरळ. दोन त्रिज्या इकडंतिकडं झाल्या तर कोण जाणार हाय टेप घेऊन मोजायला?”

“तसं न्हाय गं.”

“मग विचार जा. तेबी न्हाय. लई अवघड बाई हायस तू!”

तिचं म्हणणं मोहात पाडणारं होतं. शाळेत आम्ही तसंच करायचो. पुस्तकाच्या मागं छापलेलं उत्तर आधी बघायचं आणि गणित त्याच्याकडं वळवत न्यायचं. पण इथं मी दहा लिहिलं असतं, तर विषय माझ्याकडं राहिला असता आणि मला तो कळलाच नसता.

सेमिनारला मी आठच दाखवलं. इंग्रजीतली वाक्यं संपली, तेव्हा मी मराठीतच म्हणाले, “सर, हे जुळत नाही. का, ते मला माहीत नाही.”

मागं कुणीतरी खुसखुसलं. सर धारवाडकडचे. त्यांनी मान वर केली. “मुंदे हेळम्मा,” म्हणाले, म्हणजे पुढं सांग. मग त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत विचारलं, “सीमेच्या बाहेर पृथ्वीचं क्षेत्र आहे काय?”

“नाही सर. तिथं संपतं.”

“आपोआप संपतं? कंटाळून?”

यावेळी वर्गाबरोबर मलाही हसू आलं, आणि भीती थोडी उतरली. “काहीतरी त्याला खोडत असणार,” मी म्हणाले. “सीमेवरून विद्युतप्रवाह वाहत असेल.”

“बरं. तो बाहेर खोडतो. मग आत काय करतो?”

मी फळ्यावर प्रवाहाचा एक पडदा काढला. त्याच्या दोन बाजूंना क्षेत्राच्या दिशा उलट. बाहेर वजा, तर आत अधिक, तेवढंच. खडू हातातच राहिला. सीमेला लागून आतलं क्षेत्र दुप्पट होत होतं, आणि मी एकपटच धरलं होतं. दुप्पट क्षेत्र म्हणजे चौपट दाब. अंतर वाढलं की तो दाब सहाव्या घाताने उतरतो. म्हणून चाराचं सहावं मूळ काढलं. सव्वाच्या जरा वर. आठ गुणिले सव्वा.

“धा!” सरांच्या आधी मैत्रीणच ओरडली.

सर म्हणाले, “हे फक्त नाक झालं, सूर्यासमोरचं टोक. आता बाजूंचा आकार काढ. ते अवघड आहे.” आणि पुढच्या मुलाला बोलावलं. विषय माझ्याकडं राहिला, हे मला जागेवर बसल्यावर कळलं.

संध्याकाळी लॅबमध्येच थांबले आणि घरी फोन केला.

“काय गं, काम संपलं न्हवं?” आप्पांनी विचारलं.

“न्हाय आप्पा. वाढलं.”

ते म्हणाले, “आवाजावरनं तर खुशीत दिसतीस.”

“व्हय,” मी म्हणाले.